मनगटावरचा रबरबँड

वास्कितोच्या उजव्या मनगटावर रबरबँड दिसला की केंद्रात त्याच्याशी कोणी गप्पा मारत नसे. भाताच्या पुडक्याला लावतात तो साधा, तपकिरी रबरबँड. तो हातावर असला म्हणजे कुठलं तरी एक मीटर त्याने बांधून ठेवलं आहे, आणि ते सोडल्याशिवाय हा माणूस जेवणार नाही, सिगारेट पेटवणार नाही, घरी जाणार नाही. नवीन लोकांना हे चमत्कारिक वाटायचं. मला नाही वाटायचं. तो रबरबँड पहिल्यांदा त्याच्या हातावर चढला तेव्हा मी समोर बसलो होतो.

मी तुगिमान. आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं काम केलं. आधी झडपा फिरवल्या, मग गाळणीचे हौद धुतले, शेवटची वर्षं पाळीवर पाणी सांभाळलं. सगळं अंगमेहनतीचं. कोण किती राबतो हे मी माणसाच्या बुटांवरून सांगतो. वास्कितो आला तेव्हा त्याचे बूट कोरे होते, बोटं बारीक होती आणि शर्टाच्या खिशात चार स्क्रूड्रायव्हर पेनांसारखे लावलेले होते. मीटर बसवणं, तपासणं, दुरुस्त करणं, संगणकाच्या पडद्यावर आकडे बरोबर येतात की नाही ते बघणं, हे त्याचं काम. मी मनात म्हटलं, हा सावलीतला माणूस.

पहिल्याच आठवड्यात तो टेकडीवरच्या टाकीवर चढला. हातात वजन लावलेली टेप. उतरला, पडदा बघितला, पुन्हा चढला. मग तिसऱ्यांदा.

मी विचारलं, "वर मध सापडला का?"

"पडदा म्हणतो तीन मीटर दहा. टेप म्हणते तीन मीटर दोन."

"चार बोटांसाठी तीनदा चढलास?"

"पहिल्यांदा वाटलं टेप चुकली. दुसऱ्यांदा वाटलं मी चुकलो. तिसऱ्यांदा खात्री झाली, पाकदे. मीटर चुकतंय."

पाकदे म्हणजे थोरला काका. त्या दिवसापासून मी त्याला माझ्या डब्यातलं तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, देऊ लागलो.

त्याच्याकडून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे, मीटरकडून येणारी तार रिकाम्या टाकीचा निरोपसुद्धा थोडी वीज घालूनच पाठवते. वीज अगदीच आली नाही तर टाकी रिकामी नाही, तार मेली. दुसरी म्हणजे, खरा आकडा कधी शांत बसत नाही. वाहतं पाणी मोजणारा आकडा जरा तरी हलतो, अठरा, अठरा पूर्णांक दोन, सतरा पूर्णांक नऊ. हलायचा थांबला की बघायला जायचं. हे मला त्याने शिकवलं होतं. पुढे जे झालं त्याच्या आधी शिकवलं होतं, हे मुद्दाम लिहितो.

आमचं पाणी काली वारेंग नदीचं. ती ज्वालामुखीच्या उतारावरून येते. आमच्याकडे ऊन असतं आणि वर पाऊस झालेला असतो. दोन तासांनी नदी न सांगता राख आणि चिखल घेऊन खाली येते. म्हणून नदीच्या तोंडाशी गढूळपणा मोजणारं मीटर आहे. ते जो आकडा देतं त्याप्रमाणे तुरटीचा पंप कमी-जास्त चालतो. त्या मीटरला काचेचा डोळा असतो. डोळ्यावर शेवाळ चढतं, आठवड्याला पुसावं लागतं. पुसताना आकडा वेडावाकडा उडतो आणि पंप उगाच तुरटी ओतत सुटतो. म्हणून पुसण्याआधी बटण दाबून आकडा आहे तिथे थांबवायचा. आम्ही म्हणायचो, आकडा बांधायचा. पुसून झालं की सोडायचा. ते जुनं मीटर कधी बांधलं, कधी सोडलं याची नोंद कुठेच ठेवत नसे.

मीटरवर भरवसा नको म्हणून पाळीच्या माणसाचंही एक काम होतं. दर तासाला बहात्तर पायऱ्या उतरून नदीकाठी जायचं. तिथे पांढरा इनॅमलचा मग टांगलेला असे, तळाला काळ्या रंगाने फुली काढलेली. मग भरायचा, वरून बघायचं. फुली दिसली तर वहीत लिहायचं 'दिसली'. नाही दिसली तर धावायचं.

वास्कितोला आठ वर्षं झाली तरी तो कंत्राटावरच होता. बायको विनार्सी सेमारांग शहरात कपड्याच्या कारखान्यात, तिथेच एका खोलीत आणखी दोघींबरोबर राहायची. मुलगा वास्कितोच्या आईकडे. विनार्सी शनिवारी बसने यायची, रविवारी जायची. कायम झाला की केंद्राच्या आवारातलं एक घर मिळणार होतं. मग ती नोकरी सोडून येणार होती. मुलगा सहा वर्षांचा झाला होता आणि आईला पाहुणी समजून तिच्यासाठी नवा कप काढायचा. हे वास्कितोने मला एकदाच सांगितलं.

त्या वर्षी आमच्या प्रमुख बु रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, यांनी त्याला बोलावून सांगितलं, "पुढच्या एक तारखेला पत्र. यादीत तुझं नाव पहिलं आहे." विनार्सीने त्याच आठवड्यात कारखान्यात नोटीस दिली.

एक तारखेला अकरा दिवस होते. शुक्रवार होता. सकाळी अकराच्या पुढे वास्कितो नदीकाठच्या मीटरचा डोळा पुसून आला. नमाजाची वेळ होत आली होती, तो हातपाय धुऊन मशिदीकडे गेला. परत येतो तोच फोन: दोन नंबरच्या विहिरीचा पंप बंद पडला. तसाच मोटारसायकल काढून तिकडे गेला.

मी पाळीवर होतो. माझा डावा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. पडद्यावर अठरा होतं. अठरा म्हणजे नितळच. मी बारा वाजता उतरलो, फुली दिसली. एक वाजता उतरलो नाही. वहीत 'दिसली' लिहिलं. दोन वाजता उतरलो नाही. 'दिसली' लिहिलं. तीनलाही बसल्या बसल्या लिहिलं. गुडघा हे कारण होतं. कारण होतं म्हणून ते काम झालं असं होत नाही.

तीननंतर हौदांवर गेलो तर निवळणीच्या हौदातलं पाणी दूध घातलेल्या चहासारखं. गाळण्या तुंबल्या होत्या आणि तुंबूनही चिखल पुढे गेला होता. मी बहात्तर पायऱ्या उतरलो. गुडघ्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मग भरला. फुली सोडा, मगाचा तळच दिसेना.

वर आलो, वास्कितोला फोन केला. तो दहा मिनिटांत आला. पडद्यासमोर उभा राहिला. अठरा. अकरापासून तीनपर्यंत एकच सरळ रेघ, पट्टीने ओढल्यासारखी. तो वळला. नदीकडे उतरला. मी वरून पडदा बघत होतो. एकदम अठराचे सहाशे चाळीस झाले.

तो वर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. आकडा सोडायचा राहिला होता हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला दिसलं. मग त्याने टेबलावरच्या माझ्या वहीकडे बघितलं. एक, दोन, तीनच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. दोघं कामाला लागलो. नदीचं दार बंद केलं, हौद रिकामे केले, गाळण्या धुतल्या. संध्याकाळपर्यंत एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

गावाच्या खालच्या अर्ध्या भागात चार तास तपकिरी पाणी गेलं. शनिवारी सकाळी टोफू बनवणाऱ्या बायका टोफूची बादली घेऊन थेट कचेरीत आल्या. त्यातल्या थोरलीने बादली बु रेत्नोंच्या टेबलावर ठेवली.

"हा टोफू तुम्ही विका बु. आम्ही ओरडून दमलो. लोक विचारतात, माती घालून केलाय का?"

बु रेत्नोंनी पडद्याची नोंद मागवली, माझी वही मागवली. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी बोटाने एकेक तास ताडून बघितला. मग म्हणाल्या, "मीटर अठरा म्हणतं. माणसाच्या डोळ्याला फुली दिसली. दोन साक्षी जुळतात. म्हणजे चिखल तीननंतरच आला, आणि तेवढ्यात हौद बिघडतो म्हणजे तुरटीच पातळ होती."

तुरटी कालवायचं काम सारिदीचं. रोजंदारीवरचा माणूस, माझ्याच वयाचा. कालवायला घरून फणसाच्या लाकडाचं वल्हं आणलेलं, कोणाला हात लावू देत नसे. त्याला बोलावलं.

"बु, मी दररोज घालतो तेवढीच पोती घातली," तो म्हणाला. "पाण्यात तुरटी मी घालतो. नदीत चिखल मी नाही घालत."

"चेष्टा नको. सोमवारपासून येऊ नका."

माझ्या वहीने त्या मीटरची बाजू घेतली होती. वहीत खोटं नसतं तर कोणीही विचारलं असतं की माणसाला चिखल दिसला आणि मीटरला कसा नाही दिसला. तसं कोणी विचारलं नाही. मी दारात उभा होतो, वास्कितो माझ्या मागे. सारिदी आमच्यामधून बाहेर गेला. वल्हं सायकलला आडवं बांधलं आणि गेला.

दुपारी आम्ही दोघं फाटकासमोर म्बोक यातेमच्या टपरीवर बसलो. म्बोक म्हणजे आमच्याकडची मावशी. तिने भाताची दोन पुडकी पुढे टाकली. वास्कितोने रबरबँड काढला, कागद उघडला आणि भाताकडे बघत राहिला.

"काय रे, भातात मीटर घालून बघतोस का?" म्बोक यातेम म्हणाली. "शिजलाय तो. जेव."

"जेवतो, म्बोक."

"आठ वर्षं तेच म्हणतोस आणि निम्मा कुत्र्याला घालतोस. बायको येऊ दे कायमची, मग बघते."

ती आत गेली. वास्कितो रबरबँड बोटांत ताणत होता.

"शाळेचा दाखला काढलाय मुलाचा," तो म्हणाला. "इकडच्या शाळेसाठी."

"हं."

"विनार्सीची खोलीतली जागा दुसऱ्या मुलीने घेतलीसुद्धा."

मी भात खात होतो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की याने गप्प राहावं. त्याच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. पण तो बोलला असता तर माझी वही उघडी पडली असती, हेही मला माहीत होतं. निवृत्तीला मला चार वर्षं उरली होती.

मी म्हटलं, "सारिदीला दुसरीकडे काम मिळेल. हातांत जोर आहे."

वास्कितोने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. टाकीवरून उतरून पडद्याकडे बघायचा तसं. मग त्याने रबरबँड उजव्या मनगटात सरकवला.

"हे काय?"

"सोमवारपर्यंत राहू दे. विसरू नये म्हणून."

"काय विसरशील?"

"आकडा सोडायचा विसरलोच ना पाकदे," तो म्हणाला आणि जेवायला लागला. त्या दिवशी त्याने पुडकं संपवलं.

सोमवारी सकाळी साडेसातला आवारात सगळे रांगेत उभे राहतात. झेंडा, सूचना, आठवड्याची कामं. शेवटी बु रेत्नो विचारतात, "कोणाला काही सांगायचं आहे?" तेव्हा कोणीच काही सांगत नाही, कारण सांगितलं की सगळ्यांना आणखी उन्हात उभं राहावं लागतं. त्या दिवशी वास्कितो रांगेतून पुढे गेला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "झालं, आता पत्राची मिठाई वाटेल."

तो म्हणाला, "शुक्रवारी अकरा वीसला मी नदीच्या मीटरचा आकडा बांधला. सोडायचा विसरलो. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी सोडला. चार तास पडद्यावर अठरा होतं ते खरं नव्हतं. नदी त्याआधीच आली होती. तुरटी कमी पडली ती माझ्यामुळे. सारिदींनी तुरटी बरोबर कालवली होती."

बु रेत्नो म्हणाल्या, "पण वहीत दर तासाला फुली दिसल्याचं लिहिलंय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या नाहीत. एकट्या बु रेत्नोंची वळली. वास्कितो पायांकडे बघत म्हणाला, "वहीचं मला माहीत नाही, बु."

त्याला माहीत होतं. त्याने ते माझ्यासाठी तसंच ठेवलं. त्याला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर चूक निम्मी वाटली गेली असती. मी रांगेत किती वेळ उभा राहिलो ते ठाऊक नाही. मग पुढे झालो. गुडघा दुखत होता, लंगडत झालो.

"एक, दोन आणि तीन वाजता मी उतरलोच नाही. वरच बसून लिहिलं."

बु रेत्नोंनी वही मिटली. त्यांचा आवाज चढला नाही. "दोन दिवस," त्या म्हणाल्या. "दोन दिवस तुम्ही दोघं हे घेऊन जेवलात, झोपलात. आणि मी एका माणसाला घरी पाठवलं." मग वास्कितोला, "जा. त्यांना घेऊन ये."

तासाभराने तो परत आला. मोटारसायकलवर मागे सारिदी बसला होता, वल्हं झेंड्याच्या काठीसारखं उभं धरून. उतरल्यावर तो माझ्यासमोर आला.

"फुली दिसली का रे, तुगिमान?"

मी म्हटलं, "नाही दिसली."

"बरं." तो तुरटीच्या टाकीकडे गेला. त्यानंतर सहा महिने तो मला रोज तेच विचारायचा, आणि मी रोज उत्तर द्यायचो.

मला पंधरा दिवस घरी बसवलं. वास्कितोचं नाव यादीतून काढलं. दोन वर्षं पुन्हा विचार होणार नाही असं लिहून दिलं. पुढच्या रविवारी मी वास्कितोच्या आईच्या घरी गेलो तेव्हा तो कामावर होता. विनार्सी बॅग भरत होती. तिने मला बसवलं, चहाचा पेला ठेवला, त्यावर झाकण घातलं.

"नोटीस मागे घेतली पाकदे. सुपरवायझर हसला. म्हणाला, घरी करमलं नाही वाटतं?"

"माफी मागायला आलोय."

"कशाची? तुम्ही तरी रांगेतून बाहेर आलात. सगळे येतात असं नाही."

"त्याच्यावर रागावली नाहीस?"

"रागावलेय ना. गेल्या शनिवारपासून. त्याने मला शनिवारीच सगळं सांगितलं. मी म्हटलं, गप्प बस. आठ वर्षं झाली, एकदा आपल्यासाठी गप्प बस. तो म्हणाला, बरं." तिने मुलाचा एक शर्ट घडी घालून बॅगेत ठेवला, मग काढून परत खुंटीला लावला. "त्याचं 'बरं' म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. गेला रविवारभर हातातला रबर काढत नव्हता. अंघोळीलासुद्धा नाही."

तिने सांगितलं नाही की त्याने बरोबर केलं. मीही सांगितलं नाही. चहा प्यायलो आणि तिची बॅग बसथांब्यापर्यंत उचलून नेली.

त्यानंतर तो मन लावून राबला. आधीही राबायचाच. आता प्रत्येक वेळी आकडा बांधायच्या आधी खिशातून रबरबँड काढून मनगटावर चढवायचा, आणि सोडल्यावरच उतरवायचा. म्बोक यातेम त्याच्यासाठी रबरबँडांची बरणी ठेवू लागली. मीही उतरू लागलो, बहात्तर पायऱ्या, दर तासाला, निवृत्त होईपर्यंत. गुडघा सुजला तर बसून बसून उतरायचो. फुली बघितल्याशिवाय शाई लावली नाही. हे काही मोठं नाही. त्याचाच पगार होता.

दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी, मी सुट्टीवर घरी होतो. मोटारसायकल अंगणात थांबली. पुढे वास्कितो, मागे विनार्सी, मध्ये मुलगा, आणि विनार्सीच्या मांडीवर सेमारांगची ती जुनी बॅग. आता तिची चेन तुटली होती, म्हणून दोरीने बांधलेली.

वास्कितोने पाकीट माझ्या हातात दिलं. "वाचा पाकदे. सकाळी आलं. तसाच बसथांब्यावर हिला आणायला गेलो."

मी चष्मा शोधत होतो. बायकोने चहा आणला, चार पेले, चारहीवर झाकणं. विनार्सी हसत होती, मुलगा मोठ्याने सांगत होता की आवारातल्या घरामागे पेरूचं झाड आहे आणि ते त्याचं आहे. वास्कितोने पेला उचलायला हात पुढे केला.

मी चष्मा शोधायचा थांबलो.

"वास्कितो, हातावर काय आहे?"

त्याने मनगटाकडे बघितलं. रबरबँड होता.

"क्लोरीनचं मीटर," तो हळूच म्हणाला. "पत्र आलं तेव्हा मी तेच करत होतो."

तो उठलाच होता. विनार्सीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्यावर झाकण ठेवलं.

"जा," ती म्हणाली. "आम्ही कुठे जात नाही आता."

मोटारसायकल फाटकाबाहेर वळली. मी चष्मा लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, मोठ्याने, मुलाला ऐकू जाईल असं.